दोंडाईच्याचा निऑन मोर

"अहो, फोडू नका ते!"

शिडीवरच्या त्या माणसाशी मी बोललेलं हे पहिलं वाक्य. शेजारच्या हॉटेलची जुनी निऑनची पाटी तो उतरवत होता. काचेची नळी छातीशी धरून त्यानं खाली पाहिलं...

"फोडायला नाही, वाचवायला आलोय. लोक भंगारात देतात, मी धुळ्याला माझ्या शेडमध्ये नेऊन ठेवतो."

असा भेटला कौतिक. अठ्ठ्याऐंशी सालच्या श्रावणात, जळगावात.

आमच्या सायकलच्या दुकानावरही निऑनचं लाल चाक होतं, दोन वर्षं बंद पडलेलं. नाना, म्हणजे माझे वडील, अहिराणीत म्हणायचे, "बठ्ठं, सगळं भंगारमा देई टाक, शेवंता." मी हट्टानं कौतिकला दुरुस्तीला बोलावलं. काम चार दिवसांचं, तो आठ दिवस आला. भुरभुर पावसात तो शिडीवर आणि मी खाली शिडी धरून.

"घट्ट धरा. पडलो तर?"

"पडा की. दवाखाना समोरच आहे."

"पण भेटायला कोण येणार?"

मी हसू गिळायची. पण दिवसातून दहादा त्याच्या तोंडी एक नाव यायचं — प्रेमकुंवर. दोंडाईच्याच्या टॉकीजमालकाची मुलगी. टॉकीज पाडणार होते, आणि टॉकीजच्या दर्शनी भागावरचा निऑनचा मोर ती कौतिकला देणार होती. "प्रेमकुंवरला काचेतलं फार कळतं." "प्रेमकुंवर हसते काय छान!" माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. घरी जाऊन मी आरशात हसून पाहिलं, खोटं कशाला सांगू!

एका दुपारी दुकानात फोन वाजला. कौतिक चहाला गेला होता.

"मी प्रेमकुंवर. त्यांना सांगा, उद्याच या. परवा टॉकीज पाडतायत."

आवाजही गोड! मी "सांगते" म्हटलं... आणि सांगितलं नाही.

चौथ्या दिवशी त्याला कळलं. मोराचा चुरा झाला होता. तो पायरीवर मटकन बसला.

"साधा निरोप पाठवला नाही तिनं!"

तिच्यावर आळ येताना मला राहवेना. "पाठवला होता. मीच दडवला."

तो हत्यारं गोळा करून निघून गेला. त्या संध्याकाळी त्यानं दुरुस्त केलेलं आमचं चाक लालभडक उजळलं. नाना रस्त्यात उभे राहून बघत होते, आणि मी आत रडत होते.

पंधरा दिवसांनी एसटीनं धुळे गाठलं. शेडभर जुन्या पाट्या — कमळ, किटली, बूट. तो गॅसच्या ज्योतीवर काचेची नळी वाकवत होता.

"माफी मागायला आले," मी म्हटलं. "मोर परत येणार नाही, माहितेय."

"का केलंत?"

"तुम्ही तिचं नाव घेतलं की... मला सोसत नाही."

ज्योत फुरफुरत राहिली.

"आणि मी ते नाव सारखं का घ्यायचो?"

"का?"

"तुमचा चेहरा बघायला." त्यानं मान खाली घातली. "म्हणजे मोर गेला, त्यात माझाही वाटा आहे."

मग त्यानं नळीला जोडलेली रबरी नळी माझ्या हातात दिली. "काच वाकताना चपटी होते. इकडून हळू फुंकायचं."

मी फुंकलं... काच फुग्यासारखी फुगली आणि फुटली!

"एवढा जोर?"

"पंधरा दिवसांचा आहे."

तो पहिल्यांदा मोकळा हसला. नवी नळी ज्योतीवर धरत म्हणाला, "परत फुंक, शेवंता. आता जरा हळू."

अहो-जाहो केव्हा गळून पडलं, त्याला कळलंही नाही. मला मात्र कळलं.