मंदाईचं जुनं वळण

"आमची नदी कोणी हलविली?"

टेकडीच्या गुहेतून उतरून आलेल्या पाहुण्याने बकुळाला पहिला प्रश्न विचारला, तो हा! सकाळचं धुकं मंदाई नदीवर अजून पेंगत होतं. पाहुणा दुधी भोपळ्याएवढा, निळसर, आणि त्याच्या अंगातून थंडगार वाफा येत होत्या. मराठी मात्र अस्खलित बोलायचा, तीही जुन्या वळणाची.

"आम्ही उल्म. आमचा ग्रह बर्फाचा. आमच्या यानाचे बीज मंदाईच्या वळणावर, आतल्या काठी, वाळूत पुरिले आणि टेकडीवर अंमळ डोळा लागला."

त्याचं अंमळ म्हणजे तीनशे वर्षं! बकुळाला हसू आवरेना. पण उल्मच्या अंगावरून पाणी ठिबकत होतं. ऊन चढलं की हा विरघळून जाणार. त्याआधी यान सापडायलाच हवं होतं.

दोघांनी वळणावरची वाळू उकरली. शिंपले निघाले, कुणाची तरी एक चप्पल निघाली. यान काही निघालं नाही.

मग बकुळा त्याला घेऊन निलांबरी आत्याच्या होडीवर गेली. आत्या नदी-वेधशाळेत कामाला होती. लोक तारे बघतात तशी ती नदी बघत बसायची, आणि त्याचा तिला पगारही मिळायचा. परग्रहावरचा पाहुणा बघून ती जराही दचकली नाही. तिने त्याला ओल्या गोणपाटात गुंडाळलं आणि सगळी हकिकत ऐकून घेतली.

"तुमच्याकडे नद्या गोठलेल्या, म्हणून नदीचीच खूण धरलीस होय?" ती म्हणाली. "इथेच फसलास बाबा. आमची नदी एका जागी बसत नाही."

"नदी कशी हलेल, आत्या?" बकुळाने विचारलं.

आत्याने काचेची वेगपेटी उघडली. आत ओली वाळू होती आणि मधून पाण्याची नागमोडी धार. या पेटीत शंभर वर्षं मिनिटभरात सरत. बकुळा काचेला नाक लावून बसली.

वळणावर आलं की पाणी बाहेरच्या काठावर जोरात आदळायचं आणि तिथली माती खरवडून न्यायचं (याला क्षरण, म्हणजे झीज म्हणतात). आतल्या बाजूला मात्र ते संथ व्हायचं. संथ पाण्याला वाळूचं ओझं पेलत नाही, म्हणून ती तिथेच खाली बसायची (हे निक्षेपण, म्हणजे गाळ साचणं). एक काठ सरत होता, दुसरा वाढत होता. वळण हळूहळू फुगत गेलं. त्याची दोन्ही टोकं इतकी जवळ आली, की मधे जमिनीची चिंचोळी पट्टी उरली.

"आता पूर," म्हणत आत्याने कळ फिरवली.

पाणी काठ ओलांडून सगळ्या सपाटीवर पसरलं (हे पूरमैदान, म्हणजे पुरात नदी जिथे पसरते ती जमीन). कसं शांत, झोपेत चालल्यासारखं पसरलं! त्याच वेळी चिंचोळी पट्टी कापून धारेने सरळ वाट धरली. पूर ओसरला. मागे मऊ काळ्या गाळाचा थर राहिला, आणि नदीने सोडून दिलेलं जुनं वळण एकटंच बाजूला पडलं, पाण्याने भरलेलं.

बकुळा ताडकन उठली. "आत्या, हे आपलं बांगडीतळं!"

गावामागे फुटक्या बांगडीसारखं एक तळं होतं. ते कुणी खणलं, हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणी खणलंच नव्हतं! (अशा तळ्याला नालाकृती सरोवर म्हणतात, म्हणजे घोड्याच्या नालाच्या आकाराचं.)

तिघं तळ्यावर पोचली, तोवर धुकं विरलं होतं आणि उल्म पेरूएवढा उरला होता. आतल्या काठाशी तो पाण्यालगत उकरू लागला.

"तिथं नको!" बकुळा ओरडली. "तू पुरलंस त्यानंतरही वळण पुढे सरकलं असणार. तेव्हाचा काठ इकडे, मागे!"

ती मागे जाऊन खणू लागली. आधी पुराचा काळा गाळ लागला, मग वाळू. तिचे हात दुखून आले. उल्म आता लिंबाएवढा झाला होता. बोलतही नव्हता. बकुळाला रडू फुटलं, तरी ती खणत राहिली. आणि बोटांना काहीतरी बर्फासारखं गार लागलं.

बीज उमललं आणि त्याचं यान झालं. त्यातल्या गारव्यात शिरताच उल्म पुन्हा निळा दिसू लागला.

"पुढील खेपेस नदी कोठे असेल?" त्याने विचारलं.

बकुळाने टेकडीपासून पलीकडच्या माळापर्यंत हात फिरवला. "या एवढ्यात कुठेही. हे सगळं तिचंच आहे. तू टेकडीवरच्या कातळाची खूण धर."

"आणि तू कोठे असशील?"

तीनशे वर्षं! बकुळाने हातांचा गाळ झटकला. "मी नसेन रे. पण इथं कुणालाही विचार, नदी कशी सरकते ते. मी सगळ्यांना सांगून ठेवीन."

यान उडालं आणि उन्हात दिसेनासं झालं. परतताना पहिला भेटला तो शेजारचा तीन वर्षांचा मल्हार, नाक पुसत उभा. बकुळाने त्यालाच हाताला धरून वाळूत बसवलं आणि बोटाने एक नागमोडी रेघ ओढली. "बघ हं, मल्हार, ही आपली नदी. ती हलते."