वितभर जागा

सांगते. फक्त मधेच ‘भास झाला असेल’ असं म्हणू नका. ते वाक्य गेल्या तीन आठवड्यांत इतक्या जणांनी इतक्या मायेने ऐकवलंय की आता ते कानावर पडलं की माझं पुढचं बोलणंच खुंटतं. मी घाबरट आहे, मान्य. कुकरच्या शिटीला दचकते, मागून कोणी हाक मारली तरी दचकते. गिरगावात माहेरी यावरून चेष्टा व्हायची, आणि लग्न होऊन काळाचौकीच्या चाळीत आले तेव्हा ती चेष्टा माझ्या आधीच तिथे पोचलेली होती.

त्या दिवशी काम साधंच होतं. डिसेंबरातला शनिवार, सकाळचे नऊ. गाडीवर सामान बांधायचं आणि निघायचं. मी आणि माझा नवरा हितेंद्र, पाच दिवस; वाटेत आवडेल तिथे तंबू ठोकत मालवणजवळच्या त्यांच्या गावापर्यंत जायचं आणि परत.

गाडी दौलतकाकांची. हे हितेंद्रचे सख्खे काका, वय पंचाहत्तर, आयुष्य गिरणीत गेलेलं. जुनी, लहानखुरी, टू-स्ट्रोक मोटरसायकल. अठ्ठावीस वर्षं ती चाळीच्या जिन्याखाली ताडपत्रीत गुंडाळून उभी होती. हितेंद्रने दोन वर्षं प्रत्येक रविवार तिच्यावर घालवून तिला जिवंत केलं. जिवंत हा शब्द त्याचा.

तंबू, दोन स्लीपिंग बॅगा, ताडपत्री, स्टोव्ह, डाळ-तांदूळ, पाण्याचे कॅन. हितेंद्रने कॅरियरवर रचायला घेतलं तर काका स्वतः खाली आले, भिंत धरत, एकेक पायरी मोजत. माझ्याशी ते कधी बोलत नसत. त्या दिवशीही बोलले नाहीत. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी त्यांनी सगळं असं आवळलं की ढीग माझ्या डोक्याएवढा उंच झाला, पण दगडासारखा घट्ट. आणि सीट नि ढीग यांच्यामध्ये त्यांनी वितभर जागा मोकळी सोडली.

“काका, लोड एवढा मागे नको. गाडी पुढून उठेल,” हितेंद्र म्हणाला.

“आसांदे. लागता तेवढी.”

“कशाला लागते?”

काकांनी गाठ मारली आणि उरलेली पट्टी दातांनी तोडली.

मग गाऱ्हाणं. माझ्या सासरी त्याशिवाय कोणी घराबाहेर पाऊल टाकत नाही. घरातला मोठा माणूस नारळ हातात घेऊन देवाशी मोठ्याने बोलतो, एकेक मागणं मागतो, आणि प्रत्येक मागण्याला बाकीच्यांनी ‘होय म्हाराजा’ म्हणायचं. मागणं काय आहे ते फारसं कोणी ऐकत नाही. सूर खाली आला की म्हणायचं, एवढं मी आठ महिन्यांत शिकले होते. आणि जरा जोरातच म्हणायचे, कारण गिरगावकरणीचा आवाजच फुटत नाही, हा सासूबाईंचा ठरलेला टोमणा.

“बा देवा म्हाराजा... आज ही पोरां गाडयेर बसान गावाक जातत...”

“होय म्हाराजा.”

“वाटेत काय इडापिडा आसात ती टाळ म्हाराजा...”

“होय म्हाराजा.”

मी घड्याळ बघत होते. गल्लीत एक डंपर मागे येत होता, त्याची पींपीं चालू होती. काका आणखी काहीतरी म्हणाले, लांबलचक, खालच्या आवाजात. सूर खाली आला. मी म्हटलं, “होय म्हाराजा.”

माझा एकटीचाच आवाज आला.

सासूबाई खाली बघत होत्या. काकांची धाकटी बहीण, बकुळा आत्या, तोंडाला पदर लावून माझ्याकडे बघत होती. काकांनी मात्र लगेच नारळ फोडला, आणि पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ पाहिलं. वाट बघून बघून कंटाळलेल्या माणसाने पाहावं तसं.

निघालो. त्या गाडीचा आवाज एवढा की बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून आमच्या खुणा ठरलेल्या. खांद्यावर दोन थापा म्हणजे थांब. तीन म्हणजे चल.

लालबागला मसाल्याच्या दुकानांपाशी मिरचीचा खकाणा नाकात गेला, डोळ्यांत पाणी आलं. तो मागे पडला, आणि मग दुसरा वास आला. मशेरीचा. भाजलेल्या तंबाखूचा तो कडवट, जळका वास. आमच्या घरात कोणी मशेरी लावत नाही. रस्त्यावरून आला असेल म्हणून मी मान वळवली. वास वळला नाही. तो हेल्मेटच्या आत होता.

पुलाखालचा रस्ता सुरू झाला. वर पूल, दोन्ही बाजूंना उंच टॉवरचे हिरव्या जाळ्यांत गुंडाळलेले सांगाडे. भर सकाळी तिथे सावली ओली वाटते. गाडी खड्ड्यात आपटली आणि माझ्या पाठीला ढीग टेकला, असं मला वाटलं. पण ढीग कडक होता, मी स्वतः दाबून बघितला होता. पाठीला जे टेकलं ते मऊ होतं. आणि पुढच्या खड्ड्याला ते दूर झालं नाही. ते श्वास घेत होतं...

मी हितेंद्रला घट्ट धरलं. त्याने आरशातून बघून अंगठा दाखवला. त्या आरशात त्याला फक्त माझं हेल्मेट दिसत होतं.

मग कानाशी, काचेच्या आत, कोणीतरी म्हणालं, “सर गो वायच.”

सरक जरा. बस, एवढंच. रागाने नाही, गर्दीच्या बाकावर आपली जागा परत मागणारी बाई म्हणते तसं, तुटक. मी सरकले. देवाशपथ सांगते, विचार करायच्या आत मी पुढे सरकले.

माझ्या उजव्या बगलेखालून एक हात पुढे गेला. हिरव्या काचेच्या बांगड्या, मनगटापाशी हळदीसारखी पिवळी पडलेली कातडी. त्याने हितेंद्रच्या खांद्यावर दोन थापा दिल्या.

परळ यायच्या थोडं अलीकडे त्याने गाडी बाजूला घेतली. इंजिन चालूच ठेवलं, कारण ते बंद पडलं की पुन्हा दहा किका मारायला लागत.

“काय झालं?”

“मी नाही थापटलं.”

“मग कोणी थापटलं?”

“मागे कोणीतरी आहे, हितू. सामान सोड. प्लीज, सामान सोडून बघ.”

त्याने हेल्मेटची काच वर केली. “रुचा, सिरियसली? दोन किलोमीटर पण झाले नाहीत.”

“मला हात दिसला.”

“तुला नाही यायचं तर सरळ सांग ना. घरी सगळे म्हणतच होते, ही दादरपर्यंत पण टिकणार नाही. मी म्हटलं, टिकेल. उगाच म्हटलं.”

मी उतरले. मशेरीचा तो वास जाईना म्हणून हेल्मेट काढलं आणि मोकळी हवा घ्यायला फुटपाथच्या कठड्याला धरून वाकले. दोन पावलं, त्याहून जास्त नाही. पाठ वळवून किती वेळ होते? वीस सेकंद. तेवढ्यात मागे सीटची स्प्रिंग करकरली, कोणी बसल्यावर करकरते तशी. आणि जाड जॅकेटवर थापा पडल्याचा आवाज.

एक. दोन. तीन.

मी वळेपर्यंत गाडी सुटली होती. मागून फक्त सामानाचा ढीग दिसत होता, त्याच्यापलीकडे कोण आहे ते कळायला मार्ग नव्हता. पण पुढच्या वळणाला गाडी तिरकी झाली आणि डावी बाजू दिसली. दोन पावलं. अनवाणी, भेगा पडलेल्या टाचा, दोन्ही एकाच बाजूला, साडीतली बाई गाडीवर बसते तशी. वाऱ्याने पातळाचा काठ उडाला, तेव्हा एका हाताने तो खाली दाबून धरला.

मी धावले. माझं हेल्मेट माझ्या हातात होतं. पानवाल्याने विचारलं, “मॅडम, नवरा विसरून गेला काय?” आणि शेजारचा हसला.

फोन लागत होता, तो उचलत नव्हता. मी टॅक्सीने चाळीत परतले. सासूबाई दारातच म्हणाल्या, “भांडलीस ना? मला ठाऊक होतंच.” मी सांगत होते ते त्यांनी पूर्ण ऐकूनही घेतलं नाही. ऐकलं ते बकुळा आत्याने. तिने मला गॅलरीच्या टोकाला नेलं.

“मालनवहिनी,” ती म्हणाली. “दौलतदादाची बायको. ह्याच गाडयेरून गावाक चालली होती. अशीच पाठीमागे वळकटी, स्टो, भांडी. परळाक पडली. दादाक कळलाच नाय गो. पार पनवेलीक जाऊन मागे बघल्यान, तर सामान तेवढा आसा आणि वयनी नाय. वजन तसांच होता, म्हणालो. लोकांनी तिका हॉस्पिटलात नेली होती. दादा येईसर संपली.”

“काका आज काय म्हणाले? गाऱ्हाण्यात?”

आत्या खाली रस्त्याकडे बघत राहिली. “मागची जागा जिची आसा तिका ती मिळांदे, आणि तिका गावाक पोचय. आमी कोण होय म्हणूक नाय. म्हटला तर लागू होता ता.”

मी काकांच्या खोलीत गेले. ते खाटेवर बसून चहा बशीत ओतत होते.

“काका, गाऱ्हाणं मागे घ्या.”

“कित्याक?”

“तो माझा नवरा आहे.”

“तुका भीती वाटता मा? मग घरात ऱ्हव. ती गावाक पोचली काय उतारतली.” बशीवर फुंकर मारून ते शांतपणे म्हणाले, “मी खंय जबरदस्ती केलंय? होय तूच म्हणालंस.”

दुपारी एकला हितेंद्रने फोन उचलला. चहाच्या टपरीवरचे आवाज येत होते.

“हितू, मी बोलतेय. जिथे आहेस तिथेच थांब.”

“कोण?”

“मी. रुचा.”

तो हसला. प्रेमाने, पण मला नाही. फोन तोंडापासून लांब धरून म्हणाला, “ऐक ना, कोणीतरी तुझं नाव सांगतंय. घे, बोल.”

बांगड्या वाजल्या. कोणीतरी फोन कानाला लावला. मला श्वास ऐकू येत होता, आणि मला वाटतं माझाही तिकडे ऐकू जात होता. मग आवाज आला. तो मालवणी नव्हता. किंचित थरथरता, वाक्याच्या शेवटी उगाच वर जाणारा, गिरगावातल्या मुलीचा आवाज होता. म्हणजे माझा.

“कोणी नाही रे,” तो आवाज म्हणाला. “राँग नंबर.”

त्यानंतर चार दिवस फोन बंद. मी पोलिसांत जाते म्हटलं तर सासूबाईंनी त्यांच्या मोबाइलवर शनिवारी दुपारीच आलेला हितेंद्रचा मेसेज दाखवला: ‘आम्ही दोघं मजेत.’ दोघं म्हणजे तो आणि ती लाडकी गाडी, असं त्यांचं म्हणणं. चार रात्री मी झोपले नाही, निदान मला तसं आठवतंय. गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे. आत्या ताट आणून ठेवायची, तसंच परत न्यायची.

बुधवारी दुपारी तो आवाज गल्लीत शिरला. मी वाकून बघितलं. हितेंद्र होता, काळवंडलेला, धूळभरला, आनंदात. मागची सीट रिकामी. वितभर जागाही रिकामी. मी रडले, खोटं कशाला सांगू. ती गावी उतरली, संपलं, असं मला वाटलं.

तो जिना चढून आला, मला बघून म्हणाला, “एवढी काय घाई वर यायची? निदान पाण्याचा कॅन तरी घ्यायचास.”

मी त्याच्या मागचा जिना बघितला. रिकामा होता.

“आई, तुझी सून या वेळी जराही घाबरली नाही,” तो आत सांगत होता, आणि सासूबाई ती माझी चेष्टा समजून हसत होत्या. “तंबूत एकटी बसली, चूल काय पेटवली, गावात तर सगळी घरं हिलाच माहीत. देवळाशी उतरायला सांगितलं तर म्हणते, नाही, परत मुंबईलाच जाऊ.”

काका त्यांच्या दारात उभे होते. हे वाक्य त्यांनी ऐकलं, आणि त्यांचा चेहरा बदलला. ते रिकाम्या गाडीकडे बघायला खाली गेले नाहीत. ते माझ्याकडे आले. जन्मात कधी माझ्याशी धड न बोललेला माणूस, त्याने स्वतःच्या हाताने स्टूल पुढे ओढलं.

“बस,” ते म्हणाले. आवाज कधी नव्हे इतका हळुवार. “दमलं असशीत. पाय दुखतत काय?”

मी नाही म्हणणार होते. पण त्यांनी विचारल्यावरच मला जाणवलं, पाय खरंच दुखत होते. जळजळत होते. मी मोरीत जाऊन सलवार वर केली.

दोन्ही पोटऱ्यांवर, मागच्या बाजूला, एकाच उंचीवर, गाडीच्या डावीकडच्या सायलेन्सरला भाजल्याचे दोन लांबट डाग होते. नवे नव्हते, चार-पाच दिवसांचे, कडेने सुकत आलेले. आणि त्यांच्यावर कोणीतरी खोबरेल आणि हळद लावली होती. अगदी हलक्या हाताने. हळद अजून ओली होती.