खजिन्यातली शेगडी

"चौथा आकडा शोध ना! काहून उभी आहेस?" चुलतभाऊ विराज कुलपाशी बसून ओरडला.

कौमुदीचं लक्ष कुलपात नव्हतं. तिचा आठ वर्षांचा भाऊ आशय मघाशी पेटाऱ्याला टेकून बसला होता, तो उठतच नव्हता. "दीदी, सर दुख रहा है," तो पुटपुटला.

नाताळच्या सुट्टीत तेलीबांध्याच्या तलावाकाठी हा नवा खेळ निघाला होता, 'भोसल्यांचा खजिना'. तासाभरात कोडी सोडवायची, तेव्हा कुठे बाहेरून लावलेलं दार उघडायचं. आत भाले, ढाली, भरजरी शेला घातलेला पुतळा आणि कोपऱ्यात खजिनदाराची म्हणून खरीखुरी कोळशाची शेगडी. तिच्यावर लोबान धुमसत होता. खेळ चालवणारा पियुष भैया त्यांना आत सोडताना ऐटीत म्हणाला होता, "इस हफ्ते से पंखा भी बंद. पुराने जमाने में पंखा कहाँ था?"

कौमुदीला एकदम बाहेरची भिंत आठवली. खेळून गेलेले लोक तिथे अभिप्रायाच्या चिठ्ठ्या लावत. आपली पाळी येईपर्यंत तिने त्या हसत हसत वाचल्या होत्या. 'आखिर में सर घूम गया, एकदम असली!' 'डोकं जड झालं, पण मजा आली.' 'बेटी को उल्टी हुई, फिर भी पाँच स्टार.' सगळ्या याच आठवड्यातल्या होत्या. सगळ्यांना तो खेळाचाच भाग वाटला होता.

आणि तिला तिचे आजोबा, रामकृष्ण आबा आठवले. थंडीत आबांची शेगडी पेटायची ती अंगणातच, कितीही गारठा असो. "पोट्टेहो, पेटती शेगडी बंद खोलीत न्यायची नाही. कोळसा गुपचूप जीव घेते." त्यांचं हे पालुपद सुरू झालं की पोरं एकमेकांकडे पाहून हसायची. आता मात्र कौमुदीने वळून शेगडीकडे पाहिलं.

"विराज, हे शेगडीनं होऊन राहिलं," ती म्हणाली आणि तिने भिंतीवरचं बाहेर बोलायचं बटण दाबलं. "भैया, दरवाजा खोलो, भाई की तबीयत खराब है!"

स्पीकरमधून पियुष भैयाचं हसू आलं. "सब यही बोलते हैं. बीस मिनट बाकी हैं, दिमाग लगाओ."

दोघांनी दारावर धडाधडा मुठी आपटल्या. बाहेरच्या ढोलताशाच्या रेकॉर्डिंगपुढे त्यांचं कोण ऐकणार? आशयचे डोळे मिटायला लागले. विराजही भिंतीला धरून उभा होता.

कौमुदीने घाबरून इकडेतिकडे पाहिलं. दाराशेजारी नियमांची पाटी होती आणि तिच्या वर, छताजवळ, पियुष भैयाचा कॅमेरा. नियम पाचवा : कॅमेऱ्याला हात लावल्यास खेळ त्याच क्षणी बंद.

जो माणूस पोरांसाठी हलत नाही, तो कॅमेऱ्यासाठी नक्की धावेल!

"विराज, वाक!"

पुतळ्याचा शेला ओढून ती विराजच्या पाठीवर चढली. पहिल्यांदा शेला घसरला. दुसऱ्यांदा तिने तो कॅमेऱ्यावर नीट पांघरला आणि दोघं धपकन खाली पडली.

काही क्षणांत बाहेर धावती पावलं वाजली. दार उघडलं.

"कैमरा किसने..."

पियुष भैयाला बाजूला ढकलून दोघांनी आशयला बाहेर ओढलं, थेट तलावाकडच्या मोकळ्या गच्चीवर. गार वारा लागला. आशयला उलटी झाली, मग त्याने डोळे उघडले.

"हम जीत गये क्या?"

कौमुदीला रडू आवरेना.

दवाखान्यात तिघांनाही ऑक्सिजन लावला. डॉक्टर म्हणाले, आणखी पंधरा मिनिटं गेली असती तर काही सांगता आलं नसतं. खजिन्याला त्याच दिवशी टाळं लागलं. पियुष भैया दवाखान्याच्या दाराशी मान खाली घालून उभा होता. "मुझे लगा, नाटक कर रहे हैं," एवढंच तो म्हणत राहिला.

आबा आले. आधी आशयच्या कपाळाला हात लावून पाहिला, विराजची पाठ थोपटली, मग कौमुदीला जवळ घेतलं.

"चाळीस वर्षं झाली मले बोंबलून," ते म्हणाले. "ऐकणारी एक तरी निघाली."