रिकामी मात्रा

मी लिफ्टची दुरुस्ती करतो. लिफ्टमध्ये आवाज येत असला तर त्याला कारण असतंच. कुठे बेअरिंग गेलेलं असतं, कुठे दोर घासत असतो. ‘भुताटकी आहे हो’ म्हणणारे सोसायटीचे सेक्रेटरी मी पुष्कळ पाहिलेत. ग्रीस लावलं की त्यांचं भूत निमूट निघून जातं.

गिटारही मी मशीन समजूनच शिकायला घेतली. प्राचीला जुनं इंग्लिश रॉक आवडतं. आमच्या आगरी हळदीत बेंजो तर असणारच, पण आपण तिच्या लाडक्या गाण्याचा रिफ वाजवायचा आणि व्हिडिओ पाठवून तिला चाट पाडायचं, असा माझा बेत होता. तिला पत्ता लागू दिला नव्हता. ती पुण्यात वाढलेली, आता नवीन पनवेलात राहते आणि माझ्या बोलण्यावर डोळा ठेवून असते. घाईत माझ्या तोंडून गावची बोली निघाली की लगेच म्हणते, “‘हाय’ नाही केतन, ‘आहे’.”

खांदा कॉलनीत क्लास घेणारा मिथुन म्हणाला, “रिफ म्हणजे गाण्याच्या तोंडाचा तुकडा, दादा. सोपा आहे. तीन स्वर, मग एक मात्रा रिकामी, मग चार स्वर. त्या रिकाम्या मात्रेत काही म्हणजे काही वाजवायचं नाही. सगळा माज तिथेच आहे.”

मी घरी सराव करायचो आणि मोबाईलवर रेकॉर्ड करून त्याला पाठवायचो. एका क्लिपनंतर त्याचा फोन आला.

“गॅपमध्ये काय वाजवताय?”

“काहीच नाही.”

“छुन्न असं काहीतरी येतंय. टायमिंग मात्र एक नंबर.”

मी हेडफोन लावून ऐकलं. रिकाम्या मात्रेत काचेवर काच आपटल्याचा बारीक आवाज होता. दर वेळी, बरोबर मधोमध. मी टेबलावरचा ग्लास उचलला. खिडकीच्या काचेत कागद कोंबला. विमान डोक्यावरून गेलं की ते पार दूर जाईपर्यंत थांबू लागलो. तारा बदलल्या. बाथरूममध्ये स्टुलावर बसून वाजवलं. वाजवताना मला काहीही ऐकू यायचं नाही, रेकॉर्डिंगमध्ये मात्र तो आवाज असायचाच.

मग मी ती मात्रा मुद्दाम लांबवली. स्वर वाजवलेच नाहीत, नुसता बसून राहिलो. क्लिप ऐकली तर काच एकदा वाजली होती, थांबली होती आणि मग जोरात दोनदा वाजली होती.

हा आवाज माझ्या ओळखीचा होता.

आपटा गावच्या दिपिकाचा. प्राचीच्या आधी माझं लग्न तिच्याशी ठरलं होतं. हिरवा चुडा भरून झाला आणि हळदीच्या आदल्या दिवशी ती तापाने गेली. चुड्यासकटच तिला नेलं. तिला फोनवरची शांतता सोसायची नाही. मी बोलता बोलता थांबलो की ती पलीकडून बांगड्या वाजवायची आणि म्हणायची, “बोल ना रे. मी हाय ना.”

आईने क्लिप ऐकली आणि शांतीआत्याला बोलावून घेतलं. आत्या धवलारीण, म्हणजे लग्नात धवले गाऊन आमचे सगळे विधी लावणारी. तिने डोळे मिटून दोनदा ऐकलं.

“हलद लागाची रायली पोरीची,” ती म्हणाली. “आदी तिला दे, नाव घेऊन. मंग सुटंल ती.”

“आणि नाही दिली तर?”

“तुज्या नवरीचा चुडा कवा भरताव?”

“उद्या.”

आत्याने मोबाईल माझ्या हातात परत ठेवला. मला भीती स्वतःसाठी नव्हती, प्राचीसाठी होती.

उठताना आत्या म्हणाली, “पन तिची वाटी येगली ठेव.”

हळदीच्या संध्याकाळी मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. दुसरी वाटी मागितली असती तर बायकांनी कशाला म्हणून विचारलं असतं आणि ते प्राचीच्या कानावर जायला वेळ लागला नसता. मी भरलेली वाटी गुपचूप उचलली आणि घराच्या मागच्या ओट्यावर गेलो. दिपिकाचं नाव घेतलं. वाटीत बोट बुडवून भिंतीवर एक रेघ ओढली. वाटी होती तिथे आणून ठेवली.

मग मला हळद लागली. बेंजोवाले चहाला थांबले, तेवढ्यात मी गिटार घेतली. रिफ वाजवला आणि तिथल्या तिथे रेकॉर्डिंग ऐकलं. तीन स्वर. शांतता. चार स्वर.

मात्रा स्वच्छ रिकामी होती. मला रडू आलं. लोकांना वाटलं, नवरदेव भावुक झाला.

तोवर माझी चुलत बहीण समृद्धी उष्टी हळद घेऊन प्राचीकडे गेलीसुद्धा होती. नवऱ्याला लावून उरलेली हळद नवरीला लागते, तशी रीतच आहे. व्हिडिओ पाठवायला मी मोबाईल हातात घेतला, तेवढ्यात आत्या जवळ आली.

“तिची वाटी खय ठेवलीस?”

“वेगळी नव्हती. ह्याच वाटीतून दिली, आधी.”

आत्याने माझ्या मनगटाला घट्ट धरलं.

“मंग ती तुजी उष्टी नाय गेली, केतन. तिची गेली.”

मी समृद्धीला फोन लावला.

“अरे, लावली पण हळद. छान दिसतेय वहिनी. बोल तिच्याशी.”

फोन हातातून हातात गेला. मागचा बायकांचा गलका दूर गेला. कुठेतरी दार लागलं.

“प्राची?”

मी आवाज चढवला.

“प्राची, ती हळद पुसून टाक. आत्ताच्या आत्ता. ऐकतेयस ना?”

पुढे काय सांगावं मला सुचेना. मी गप्प झालो.

पलीकडे बांगड्या वाजल्या.

“बोल ना रे,” प्राची म्हणाली. “मी हाय ना.”