कार्ड सापडलं नाही

त्या मंगळवारी सकाळपासून श्रेणिकच्या स्टुडिओतल्या कॉम्प्युटरनं नन्नाचा पाढा लावला होता. फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरनं रात्रीत स्वतःला अपडेट करून घेतलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं, पण हल्ली ही मंडळी विचारतात कुठे? सकाळी उघडलं तर समोर एक राखाडी चौकट: ग्राफिक्स कार्ड सापडलं नाही. कार्ड जागच्या जागी होतं, त्याचा पंखा गरगरत होता. ज्याच्यासाठी ते घेतलं होतं त्या सॉफ्टवेअरनं तेवढी ओळख टाकली होती.

आणि नेमक्या त्याच दिवशी मनुबाई येऊन बाकावर बसल्या होत्या. नात क्रांती खास साताऱ्याहून रजा काढून त्यांना घेऊन आली होती. पिशवीत लग्नातला फोटो होता. बाहत्तर साली विट्याच्या पेठेतल्या याच स्टुडिओत श्रेणिकच्या वडिलांनी, गोमटेश यांनी तो काढला होता. फोटो काळा-पांढरा, पण गोमटेश यांची एक रीत होती. नवरा-नवरीच्या फोटोत ते बारीक ब्रशनं एकच रंग भरत, नवरीच्या कपाळावर लाल कुंकू. ते कुंकू अजून टवटवीत होतं. नवऱ्याचा चेहरा मात्र गेला होता. इतक्या वर्षांत फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला आणि गेल्या दिवाळीत पुसायला म्हणून काढला, तेव्हा चेहऱ्याचे पापुद्रे काचेवरच राहिले. आता स्टुडिओतला काळा कोट, टाय आणि वर कोरा कागद.

तो नवरा म्हणजे लालासाहेब. लग्नाला वर्ष होतं न होतं, मुलगा पाळण्यात, तोच ते तालुक्यातल्या निम्म्या गड्यांसारखे सोनं गाळायच्या दुकानात कामाला गेले, लांब दक्षिणेत. दोन पत्रं आली, मग काहीच नाही. लालासाहेबांचे भाऊ तीनदा शोधून आले. गेल्याचीही बातमी नव्हती, म्हणून मनुबाईंचं कुंकू कपाळावर राहिलं, पन्नासहून जास्त वर्षं. बायका त्यावरून कुजबुजल्या आणि पुढे कुजबुजायच्याही कंटाळल्या.

"डोळ्याचं मिरजंच्या डाक्टरनं सांगितलंय. म्हयना, न्हाईतर दोन म्हयनं दिसंल," मनुबाई म्हणाल्या. "मालकांचा आवाज याद हाय. चाल याद हाय. त्वांड आठवत न्हाई रं. येकडाव बघू दे."

श्रेणिक क्रांतीला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, हे सॉफ्टवेअर चेहरा शोधत नाही, रचतं. कुणाचंही नाक आणून बसवील."

"आजीला खोटं चालणार नाही, दादा," क्रांती म्हणाली. "पण दुसरं काय आहे आमच्याकडे?"

श्रेणिक कामाला लागला. ड्रायव्हर उडवून नवा टाकला. सेटिंग पुसून पहिल्यापासून केलं. मशीन तीनदा बंद-चालू केलं. मागच्या व्हर्जनवर गेला, तर तिथंही तीच चौकट. शेवटी सांगलीच्या ऋषिराजला फोन केला. मशीन त्यानंच जोडून दिलं होतं.

"कार्ड काढ, त्याचं पाय, म्हंजी कडंची पट्टी, खोडरबरानं घास आन् परत बसव," ऋषिराज म्हणाला. "येवढंच ऱ्हायलंय गड्या."

श्रेणिकनं कार्ड काढलं आणि खोडरबरानं घासलं. कडेची पिवळी पट्टी उजळली.

"सोनं हाय व्हय त्ये?" बाकावरून मनुबाईंनी विचारलं.

"नावापुरतं, आजी."

"दे हिकडं."

त्यांनी कार्ड दोन्ही हातांत घेतलं. पट्टीवरून अंगठा फिरवला. "हेच काम मालकांचं. असल्यातनं सोनं वेगळं करायचं." कार्ड त्यांनी मांडीवर ठेवलं. श्रेणिकला मागून घ्यायचा धीर झाला नाही.

कार्डाशिवाय मशीन निदान सुरू तरी होतंय का, हे बघावं म्हणून त्यानं मॉनिटरची वायर मागे मशीनच्याच दुसऱ्या खाचेत लावली आणि बटण दाबलं. सॉफ्टवेअर उघडलं. राखाडी चौकट आली.

ग्राफिक्स कार्ड सापडलं.

नावाची जागा कोरी होती.

श्रेणिकनं मनुबाईंच्या मांडीकडे पाहिलं. कार्ड तिथंच होतं, वायर ना काही.

"गरम लागतंय रं हे," मनुबाई म्हणाल्या.

तरी त्यानं सकाळीच स्कॅन करून ठेवलेला फोटो उघडला आणि चेहऱ्याच्या जागेवर क्लिक केलं.

आधी केस आले. पांढरे.

मग कपाळ, सुरकुत्यांसकट. बिघडलंच हे, असं त्याला वाटलं. बावीस वर्षांच्या गड्याच्या कोटावर म्हातारा चढत होता. पण सॉफ्टवेअरचे चेहरे गुळगुळीत असतात. या गालावर भट्टीच्या ठिणग्यांचे बारके डाग होते. हनुवटीवर चुकलेल्या दाढीचे चार खुंट होते. डोळे पाणावलेले होते आणि ते कॅमेऱ्याकडे नाही, शेजारच्या नवरीकडे वळलेले होते.

वीस वर्षं श्रेणिक फोटोत जगत होता. असा जिवंत चेहरा त्यानं पाहिला नव्हता. त्याचे हात आपसूक जोडले गेले.

मनुबाई उठल्या. पडद्यापासून वीतभर अंतरावर जाऊन थांबल्या.

"आवं," त्या हलकेच म्हणाल्या, "म्हातारं झालासा की. माज्यागत."

मग क्रांतीचा हात धरून म्हणाल्या, "जित्तं हायती."

प्रिंट छातीशी धरून त्या गेल्या. मोठ्या प्रिंटसाठी पुन्हा बारकाईनं स्कॅन करायचा म्हणून मूळ फोटो श्रेणिकनं ठेवून घेतला. त्या गेल्यावर त्यानं कार्ड परत बसवलं. ते लगेच सापडलं, पूर्ण नावानिशी. मुद्दाम पुन्हा काढून बघितलं, तर सापडलं नाही. यंत्र यंत्रासारखं वागत होतं.

गुरुवारी सकाळी क्रांतीचा फोन आला.

"दादा, आजीनं पहाटे उठून कुंकू पुसलं. स्वतःच्या हातानं. फोन नाही, निरोप नाही, काही नाही. विचारलं तर तेवढा मूळ फोटो आणून द्या म्हणाली."

श्रेणिकनं ड्रॉवरमधून पाकीट काढलं आणि फोटो खिडकीच्या उजेडात धरला. नवऱ्याची जागा कोरी होती, आधी होती तशीच. शेजारी अठरा वर्षांची मनुबाई समोर बघत उभी होती.

वडिलांनी ब्रशनं भरलेलं लाल कुंकू तिच्या कपाळावर नव्हतं.

खरवडल्याची खूण नव्हती, रंग विटल्याचीही नव्हती. त्यानं त्या जागेवर बोट टेकवलं.

कागद ओलसर लागला.