चार बोटं उरलेली काच

आमचं गॅरेज म्हणजे दोन गाड्या मावतील एवढी पत्र्याची शेड, हत्यारांची एक लाकडी फळी आणि माझी सून. चाळीस वर्षं मी गाड्यांचं वायरिंग केलं. आता नजर अधू झाली, म्हणून तिच्या हातात पान्हे देतो. स्पेअर पार्टच्या खोक्यांवरची अक्षरं साठीत मला तिनेच वाचायला शिकवली. तेव्हा तिचं कौतुक मी जरा सढळ हाताने करतो, हे कबूल. पण त्या मंगळवारचं मी काही वाढवून सांगत नाही.

सकाळी अकराला एक ड्रायव्हर आला. गाडी जुनीच, महिन्यापूर्वी कोणाकडून तरी घेतलेली. रुग्णांची दवाखान्यात ने-आण करायचं काम त्याला मिळत होतं. चार वाजता तिथला साहेब गाडी तपासणार होता.

"मागची डावी काच बंद होत नाही, ताई. आज नाही झाली तर काम गेलं. एक जण टपूनच बसलाय."

"मग तुम्ही आधी त्या स्टुलावर टेका," सून म्हणाली. "उभ्याने काळजी जास्त होते."

बटण दाबलं की काच सरसर वर यायची, चौकटीला चार बोटं उरली की थांबायची आणि आपली आपण खाली जायची. ही खरं तर सोय असते. काचेत कोणाची बोटं सापडली तर मोटरला ते कळतं आणि ती काच मागे घेते. बहुतेक वेळा बोटं नसतातच. खाचेत धूळ साचते, रबर फुगतं आणि मोटर फसते.

सुनेची रीत ठरलेली. आधी फ्यूज, मग बटण, मग दाराच्या बिजागरीपाशी वाकून वाकून तुटणाऱ्या वायरी. मीटर लावून तिने एकेक पाहिलं. सगळं ठणठणीत. दाराचं आतलं कव्हर उतरवलं, खाच ब्रशने झाडली, रबरावर फवारा मारला. काच चार बोटांवर थांबली. मी कोपऱ्यावरच्या दुकानातून नवी मोटर आणली. तीही तिथेच थांबली.

"नवीसुद्धा भित्रीच निघाली," ड्रायव्हर म्हणाला.

मग तिने काच मोटरपासून सोडवली, दोन्ही तळव्यांत धरली आणि डोळे मिटून हाताने वर सरकवली. बिघाड ती असाच शोधते, हातांनी ऐकते म्हणा ना. मला इतक्या वर्षांत ते जमलं नाही.

"लागतंय काही?" मी विचारलं.

"लागतंय. मऊ आहे, बाबा."

"रबर असेल."

"रबर गार असतं."

मी चौकटीखाली बोट फिरवलं. मोकळी जागा. मधोमध मात्र हवा कोमट होती, नुकतंच कोणी उठून गेलेल्या खुर्चीसारखी.

अडीच वाजले. ड्रायव्हरला राहवेना. "ताई, ती सोयच काढून टाका ना. साधी मोटर बसवा. सगळे बसवतात."

"बसवू देत. मी नाही बसवत. काच थांबतेय, म्हणजे कशाला तरी थांबतेय, भाऊ."

तिने काच पुन्हा जोडली आणि हात धुवायला नळावर गेली. तेवढ्यात मी चूक केली. काही गाड्यांत बटण दाबून धरून ठेवलं की ती सोय बाजूला पडते, काच रेटून बंद होते. मला ते ठाऊक होतं. ड्रायव्हरचा उतरलेला चेहरा बघवेना. मी पुढच्या दारातून हात घालून बटण दाबून धरलं.

मोटर कण्हली. चार बोटांची तीन झाली.

रिकामी गाडी गदकन हलली. आतल्या कोणीतरी अंग मागे झोकावं तशी.

"सोडा, बाबा!" नळ तसाच वाहता ठेवून ती धावत आली.

मी सोडलं. काच खाली गेली. गाडी मात्र हलतच राहिली. हुंदके दाबताना अंग हलतं, तेवढीच.

सुनेने आम्हाला मागे केलं आणि उघड्या खिडकीपाशी उकिडवी बसली.

"लागलं? बघू."

तिने कान खिडकीच्या आत नेला.

"नाही, परत कोणी नाही दाबणार. पण काच लावायला हवी ना? सोड. ये इकडे, माझ्याकडे."

तिने दार उघडलं. जरा बाजूला सरली. थांबली. मग दार लावलं.

"आता दाबा, बाबा."

काच थेट वर गेली आणि खट् करून बसली.

साडेचारला ड्रायव्हरचा फोन आला. "मिळालं काम, काका! साहेबाने दहादा काच वरखाली करून पाहिली. ताईंच्या हाताला तोड नाही!" मी म्हटलं, ते मला सांगू नका, मी रोज बघतो.

संध्याकाळी शेड बंद करून आम्ही निघालो. सून नेहमी झपझप चालते, दर वळणावर मला हाक मारून तिला थांबवावं लागतं. त्या दिवशी ती माझ्याही मागे पडली. डावा हात अंगापासून थोडा लांब, बोटं अर्धी मिटलेली.

घराशी ती पुढे झाली, फाटक उघडून आत गेली आणि क्षणभर ते तसंच धरून राहिली.

"लावू का?" मी म्हटलं.

"लावा. पण हळू, बाबा," ती म्हणाली. "तुम्हाला अजून घाबरतंय."