एका वर्षाची ताई

गुहांसाठी प्रसिद्ध असलेल्या फोंग न्या गावात, नदीकाठी त्या दिवशी एकच कयाक होडी उरली होती, दोघांनी वल्हवायची. आणि पाठीवर सॅक टाकून एकटे फिरणारे उरले होते दोघेच – हुए शहरातली दिएप आणि सायगॉनचा खांग.

"जन्म कोणत्या सालचा?" बसायच्या आधीच खांगने विचारलं. आमच्या व्हिएतनाममध्ये वय कळल्याशिवाय तोंडच उघडता येत नाही. धाकटं ते 'एम', थोरला तो 'आन्ह', थोरली ती ताई.

"आधी तू सांग."

त्याने सांगितलं. दिएप त्याच्याहून दोन वर्षांनी लहान होती. पण एकटी मुलगी, अनोळखी मुलगा... तिने बेधडक थाप मारली, "मी एका वर्षाने मोठी. ताई म्हण."

मग काय, दिवसभर ताईगिरी!

"ताई, तुमचं लग्न झालंय?"

"एम, वल्हं मार."

"नाही, म्हणजे... कोणी आवडतं तरी का?"

"वल्हं मार म्हटलं ना!"

तारेला लटकून त्यांनी नदी ओलांडली, मग दोघे गुहेतल्या उबदार चिखलात गळ्यापर्यंत डुंबले. बाहेर पाऊस भुरभुरत होता. खांगने हळूच तिच्या गालावरचा चिखल पुसला... आणि झटकन हात मागे घेतला.

"माफ करा हं, ताई."

दिएपच्या काळजात कळ उठली. आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला होता तिने! आमच्याकडे प्रेमात पडलेला मुलगा 'आन्ह' होतो आणि मुलगी 'एम'. ताईसाठी त्यात जागाच नसते.

संध्याकाळी त्याची बस होती. खरं सांगावं तर खोटारडी ठरणार, न सांगावं तर तो ताईचा निरोप घेऊन कायमचा जाणार.

बस आली. खांग पायरीवर चढला. "येतो, ताई. जपून राहा."

"थांबा ना..." ती बसच्या दाराशी धावली. "आन्ह, तुम्ही... उद्या गेलात तर नाही का चालणार?"

तो वळला. "काय म्हणालात?"

"थाप मारली मी. दोन वर्षांनी लहान आहे तुमच्याहून."

ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. "ए भाऊ, चढतोस की उतरतोस?"

खांग उतरला. ओले केस मागे सारत, गालातल्या गालात हसत तिच्यासमोर उभा राहिला.

"एम... जेवलीस का तू?"

दिएपचा जीव भांड्यात पडला.

"नाही ना," ती म्हणाली, "केव्हाची भूक लागलीय मला, आन्ह."